हीव

तीस डिसेंबरच्या संध्याकाळी लेक शिबिरातून परत आली, तेव्हा तिच्या अंगातला स्वेटर तिचा नव्हता.

मरून रंगाचा, हातानं विणलेला. कोपरांशी लोकर विरून जाळी झालेली, बाह्या मनगटाच्या दोन बोटं वर. आम्ही दिलेला होता निळा, चेनचा, दर हिवाळ्यात येणाऱ्या तिबेटी स्वेटरवाल्यांकडून बरीच घासाघीस करून घेतलेला. बसमधून उतरणाऱ्या पोरांच्या गलबल्यात मी निळा रंगच शोधत होते, त्यामुळे ती समोर येऊन उभी राहिली तरी मला दिसलीच नाही.

"हा कोणाचा?"

"बदलला."

"कोणाशी?"

"होती एक."

एवढं बोलून तिनं बॅग माझ्या हातात दिली. स्कूटरवर मागे बसली आणि प्रतापनगर येईपर्यंत माझ्या पाठीला डोकं टेकून झोपून गेली. तिच्या केसांना धुराचा वास येत होता.

शिबिर नाताळच्या सुट्टीतलं, पाच दिवसांचं. रामटेकच्या पुढे, खिंडसी तलावाजवळ कुणाच्या तरी शेतावर. लेक दहा वर्षांची, पाचवीत. तोवर आईबापाशिवाय ती एक रात्र बाहेर राहिली नव्हती. मामाकडे राहिली असेल, पण मामाचं घर म्हणजे काही बाहेर नव्हे. शिबिरवाल्यांची यादी आली होती: ताट, वाटी, पेला, सतरंजी, जाड पांघरूण, कानटोपी, टॉर्च. शेवटी तीन नकार: मोबाईल नको, दागिने नकोत, खाऊ नको. खाऊच्या ओळीकडे कानाडोळा करून मी चिवड्याची पुडी सतरंजीच्या घडीत सारली. ती जशीच्या तशी परत आली, चिवडा सादळलेला.

माझा नवरा नाशिककडचा. त्याचं म्हणणं, एवढ्या थंडीत कुठे पाठवतेस? बाहेरच्या माणसांना नागपूर म्हटलं की उन्हाळा आठवतो. कूलर, दुपट्टे, मे महिन्यातले ओस रस्ते. इथल्या थंडीचं नाव कोणी काढत नाही. पण २०१८ च्या डिसेंबरअखेर पारा ३.५ अंशांवर उतरला होता, हे आम्हा नागपूरकरांच्या पक्कं लक्षात आहे. त्या पहाटे दुधाची पिशवी हातात धरवत नव्हती. आमची घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली. उंच छत, थंडगार फरशी, झरोके. हिवाळ्यात तीच घरं वैरी होतात आणि माणसं गच्चीवर उन्हात जाऊन बसतात.

तसं पाहिलं तर आमचं गावच हिवाळी शिबिराचं. १९५३ च्या नागपूर करारात ठरलं की विधिमंडळाचं एक अधिवेशन इथं भरवायचं, आणि १९६० पासून डिसेंबर आला की मुंबईची माणसं बॅगा भरून येतात. आमदार निवासात उतरतात, सकाळी तर्री-पोहे खातात, रात्री सावजीचं जेवून नाक पुसतात, शेतावर हुरडा खायला जातात, अधूनमधून कामही करतात, आणि संत्रा बर्फीचे डबे घेऊन परत जातात. तेवढे दिवस मोर्च्यांमुळे अर्धं शहर बंद. या वर्षीची त्यांची पांगापांग झाली आणि आमच्या लेकीचं शिबिर सुरू झालं.

सव्वीसला सकाळी सहाला बस निघाली. कामठी, कन्हान, मनसर, मग रामटेक. पन्नासेक किलोमीटर. तेवढ्या अंतरासाठी आम्ही आईबाप विमानतळावर निरोप द्यावा तसे हात हलवत उभे होतो. एका बाबांनी बस सुटल्यावर चष्मा पुसला आणि धुक्यानं ओला झाला असं सांगितलं.

पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. दिवसातून दोनदा त्यावर फोटो यायचे. शिबिरातल्या दादा-ताईंनी बिचाऱ्यांनी तलावाचा, झाडांचा, सूर्योदयाचा फोटो काढावा, आणि साठ-सत्तर आईबापांनी तो बोटांनी ताणून ताणून त्यात आपलं पोर हुडकावं. एका आईनं लिहिलं, "तिसऱ्या रांगेत डावीकडून पाचव्या मुलाने कानटोपी घातलेली नाही, प्लीज बघा." त्यावर दुसरीनं, "तो माझा आहे, त्याला गरम होतं." मी हसले, आणि पुन्हा फोटो ताणायला लागले. पहिल्या दिवशी निळा स्वेटर दिसला. दुसऱ्या दिवसापासून दिसेना. धुतला असेल, असं मी मनाची समजूत घातली. डिसेंबरात, शिबिरात, स्वेटर कोण धुतं?

परत आल्यावर मी पुरवून पुरवून विचारायचं ठरवलं होतं. जेवण कसं होतं? चांगलं. झोप लागली? हो. मैत्रिणी झाल्या? हं. काय काय केलं? खूप काही. पोलिसांच्या हाती लागलेल्या सराईत माणसासारखी उत्तरं. दुसऱ्या दिवशी पांघरुणं उन्हात टाकताना त्यांच्या शिवणीतून पिवळ्या काड्या पडल्या. मी एक उचलून पाहिली. पोकळ, हलकी, चकचकीत.

"ही तणस आहे," ती म्हणाली. "खाली तणस, वर सतरंजी, वर आपण."

तणस म्हणजे धानाचं वाळलेलं काड. रामटेक, मौदा, पुढे भंडारा हा सगळा धानाचा पट्टा. संत्री काटोल-नरखेडकडे, इकडे भात. डिसेंबरात मळणी होऊन तणशीचे ढीग लागलेले असतात, आणि अंगाखाली तणस असेल तर रात्रभर खालून ऊब मिळते. हे मला ठाऊक होतं. माझ्या आजीच्या घरी, भंडाऱ्याकडे, आम्ही भावंडं तशीच झोपत होतो. पण हा शब्द माझ्या लेकीला मी कधी सांगितलेला नव्हता. फरशीच्या, गाद्यांच्या, फ्लॅटच्या घरात तणस कुठून येणार?

आठ जानेवारीला पोस्टकार्ड आलं. शिबिरात सगळ्यांना एक-एक पन्नास पैशांचं कार्ड देऊन घरी पत्र लिहायला लावलं होतं. दादांनी ती बहुधा शेवटच्या दिवशी पेटीत टाकली, म्हणून पत्र लिहिणारी आधी घरी पोचली आणि पत्र मागून आलं. ती शाळेत गेलेली. मी दारातच उभ्यानं वाचलं.

"प्रिय आई-बाबा, आम्ही आज गडावर गेलो. खूप पायऱ्या आहेत. वानरांनी एका मुलाची सांबारवडी पळवली. इथे एक यक्ष राहत होता. त्याला एक वर्षाची शिक्षा झाली होती. त्याच्याकडे पण फोन नव्हता म्हणून त्याने ढगाबरोबर निरोप पाठवला. मी रडली नाही. मला हीव लागत नाही. तुमची," आणि खाली नाव. नावाशेजारी बदकासारखं काहीतरी.

सांबारवडीतला सांबार म्हणजे कोथिंबीर, हे विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगून टाकते. इडलीशी त्याचा संबंध नाही. आणि यक्ष म्हणजे कालिदासाचा. मेघदूतातला रामगिरी म्हणजे आपलं रामटेकच, हे आमच्या नागपूरच्याच महामहोपाध्याय मिराशींनी पुरावे देऊन मांडलं. तिथं कालिदासाचं स्मारक आहे, त्याच्या नावाचं संस्कृत विद्यापीठही आहे. दादांनी पोरांना गोष्ट मोठ्या खुबीनं सांगितलेली दिसत होती. घरच्या आठवणीनं व्याकूळ झालेला यक्ष आणि नियमानुसार मोबाईल जमा केलेली पोरं, एकाच टेकडीवर. तिनं नंतर सांगितलं की एका मुलानं विचारलं होतं, ढग पोचला का? दादा म्हणाले, पोचायचा होता, पण यक्षानंच त्याला उज्जैन बघून जा म्हणून वाकड्या वाटेनं पाठवलं.

पण मी दारात उभी होते ती यक्षासाठी नाही. "मी रडली नाही. मला हीव लागत नाही." या दोन ओळी माझ्या आजीच्या होत्या.

प्रमाण मराठीत बाई म्हणते "मी रडले". आमच्याकडे म्हणतात "मी रडली". प्रमाण मराठीत "थंडी वाजते". आजी म्हणायची "हीव लागते". संस्कृतातल्या हिमाचं हीव झालं, हिवातून हिवाळा झाला, हिवताप झाला. पुस्तकी मराठीनं हिवाळा ठेवून घेतला आणि नुसतं हीव खेड्यात सोडून दिलं. म्हणजे अधिवेशन हिवाळी चालतं, पण आमदाराला हीव लागलं तर तो गावंढळ. आजी पहाटे पांघरूण सारखं करायला यायची, पायाला हात लावून बघायची आणि विचारायची, "हीव लागून राह्यलं का वो?" मी झोपेत "हाव", म्हणजे हो, म्हणायची. मग ती आपल्या अंगावरचं लुगड्याचं पांघरूण माझ्यावर टाकायची.

लागून राह्यलं. या राहण्यापायी मी काय काय भोगलं!

१९९६ साली मी शिकायला पुण्याला गेले. वसतिगृहात पहिल्याच रात्री खोलीतल्या मुलीनं हाक मारली तेव्हा मी म्हणाले, "येऊन राहिली." ती म्हणाली, "कुठे राहिली?" आणि बाकीच्या दोघी हसल्या. आमच्याकडे क्रिया चालू असली की ती राहते. पाऊस पडून राहतो, भात शिजून राहतो, पोट्टे अभ्यास करून राहतात. मला त्यात काही वावगं कधी वाटलं नव्हतं. पुढे महिनाभर मी जेवायला निघाले की कोणी ना कोणी विचारायचं, "काय, जेवून राहिली?" त्या काही दुष्ट नव्हत्या. आजही एकीशी माझी मैत्री आहे. पण दिवाळीपर्यंत मी स्वतःला घासून लख्ख केलं. काहूनचं का झालं, टोंगळ्याचा गुडघा झाला, मी गेली-ची मी गेले झाली. "मले-तुले" तर मी आधीपासून बाहेर बोलत नव्हतेच. बाबांना चालायचं नाही.

एवढं झालं असतं तरी ठीक होतं. त्या जानेवारीत आई मला भेटायला आली. भंडाऱ्याहून नागपूर, तिथून रात्रीची गाडी, डब्यात सोलेभात आणि पाटवड्या. सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे. वसतिगृहाच्या जिन्यात तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि मोठ्यानं म्हणाली, "किती वाळून गेली वो माय! काहून नाई जेवून राह्यली?" वरच्या पायरीवर दोन मुली उभ्या होत्या. मी आईला हळूच म्हणाले, "इथं जरा कमी बोल."

ती खरंच कमी बोलली. दोन दिवस राहिली, नुसती हसत होती. मैत्रिणी म्हणाल्या, तुझी आई किती शांत आहे गं.

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. आणि नाशिककडचा नवरा, पुण्याचं शिक्षण, इंग्रजी शाळा, अशा घरात माझी लेक वाढली. नागपुरात जन्मून तिला नागपुरी येत नव्हती. रिक्षावाले काका बोलायचे ते तिला कळायचं, पण ती बोलायची पुस्तकातल्यासारखं. लोक कौतुक करायचे, किती शुद्ध बोलते! मी ते कौतुक घ्यायचे.

आणि आता पोस्टकार्डावर "मी रडली नाही". मग एकेक सुरू झालं. जेवताना, "मले नको." सायकलवरून पडली, "टोंगळा फुटला." बाबा हसले, तिला वाटलं बाबांना कौतुक वाटलं, म्हणून आणखी दोनदा म्हणाली. मी विचारलं, शिबिरात असं कोण बोलायचं? ताई? दादा?

"नाही. ते तुझ्यासारखं बोलायचे."

शेवटी सगळं बाहेर आलं ते तुरीच्या शेंगा सोलताना. संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी मी दोन किलो शेंगा आणल्या होत्या. सोलायच्या शेंगांचा एक गुण असा की हात गुंतलेले असतात आणि समोरच्याच्या डोळ्यात बघावं लागत नाही. शेंगेच्या पाठीवर अंगठा दाबायचा, ती टच् करून उकलते, चार-पाच दाणे ताटात. नख काळं पडतं. ती भराभर सोलत होती, माझ्यापेक्षा सफाईनं.

"तिनं शिकवलं," ती म्हणाली. "मावशींच्या नातीनं."

मावशी म्हणजे शिबिरात स्वयंपाक करणाऱ्या. गावातल्याच. सोबत नात होती, हिच्याच वयाची. आई-बाप कुठे कामाला गेलेले. ती शिबिरात नव्हती, म्हणजे पैसे भरून नाव नोंदवलेली नव्हती, चुलीशी असायची. पहिल्या रात्री माझी लेक रडली. पोस्टकार्डावर लिहिलं होतं ते खोटं. रात्रभर थंडीनं आणि आईच्या आठवणीनं झोप नाही, स्वेटरची चेन अर्ध्यात अडकून बसलेली, ती ना वर जाते ना खाली. पहाटे अंधारातच उठून ती उजेड दिसला तिकडे गेली. चुलीवर आंघोळीच्या पाण्याचा हंडा होता आणि ती मुलगी शेकत बसली होती.

"ती म्हणाली, काहून रडून राह्यली वो? मी म्हटलं, चेन लागत नाही. खरं सांगायची लाज वाटली. तर तिनं तिचा स्वेटर काढून मला दिला. म्हणाली, हा घे माहा, गरम हाय. आणि माझा तिनं घातला, उघडाच. मग मावशींनी चेनीवर मेणबत्ती घासली तर चेन सुरू झाली. पण तोपर्यंत आम्हाला बदललेले आवडले होते."

मी म्हटलं, अरे वा.

"थांब ना," ती म्हणाली. "संपलं नाही."

दिवसभर शिबिराचे कार्यक्रम असायचे, पण पहाटे आणि दुपारच्या जेवणानंतर ती चुलीकडे पळायची. तिथंच तिनं रोडगे बघितले, आणि मला ते इतकं बारीक सांगितलं की तिला रोडग्यांचीच ओढ जास्त होती की काय असं वाटावं. जाडसर कणीक, ओवा, मीठ, तेलाचं मोहन. छोट्या छोट्या पुऱ्या लाटायच्या, तेल लावून एकीवर एक ठेवायच्या, वरून आणखी एकीत गुंडाळून गोळा बंद करायचा. गोवऱ्या पेटवून निखारे होऊ द्यायचे, त्यात गोळे लावायचे, मग राखेत पुरायचे. काढले की फडक्यानं राख झटकायची, फोडायचे, पदर सुटले पाहिजेत, आणि वर तूप. सोबत वांग्याची भाजी. "आई, राख थोडी राहतेच. ती म्हणाली, राख खाल्ली तं पोट साफ राह्यते."

दुपारी त्या दोघी तलावाच्या काठावर जायच्या. पाण्यावर नारिंगी रंगाची बदकं होती. पोस्टकार्डावरचं चित्र त्यातलंच. शिबिरातल्या ताईंनी सांगितलं ते चक्रवाक, लडाख-तिबेटकडून हिवाळ्यात येतात. कालिदासाचा यक्ष बायकोच्या एकटेपणाला चक्रवाकीचीच उपमा देतो. चक्रवाकांची जोडी रात्री ताटातूट होऊन एकमेकांना हाका मारते, असा जुना संकेत आहे. मावशींच्या नातीनं सांगितलं, थंडी सरली की जातात. कुठं जातात ते माझ्या लेकीनं विचारलं नव्हतं.

"मग तिसऱ्या दिवशी रात्री शेकोटी होती. गाणी-नकला वगैरे. ती पण बघायला आली, मागे उभी होती. ताई म्हणाल्या, ये की पुढे, तू पण काहीतरी म्हण. तिनं गाणं म्हटलं. छान म्हटलं. मग एका मुलानं विचारलं, कुठून शिकलीस? ती म्हणाली, माही आजी म्हणून राह्यते ना. तर तो मुलगा म्हणाला, म्हणून कुठे राहते? सगळे हसले. मग तो तिच्यासारखं बोलून दाखवायला लागला. खाऊन राह्यली, जाऊन राह्यली. सगळे खूप हसले."

ताटात दाणे पडत होते.

"मी पण हसली."

मी काही बोलले नाही. ती म्हणाली, "तिचाच स्वेटर घालून."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती चुलीकडे गेली नाही. ती मुलगीही जेवणाच्या पंगतीत वाढायला आली नाही. शेवटच्या सकाळी बसमध्ये सामान चढत होतं तेव्हा ती लांब, तणशीच्या ढिगाशी उभी होती, निळ्या स्वेटरमध्ये. माझ्या लेकीला स्वेटर परत द्यायचा होता. पण द्यायचा तर जवळ जावं लागलं असतं.

म्हणजे "बदलला" याचा अर्थ हा होता. आणि त्या दिवसापासून ती जे मले-तुले करत होती ते मला वाटलं होतं तसं नुसतं कानाला लागलेलं नव्हतं.

रात्री ती झोपल्यावर मी पालकांच्या ग्रुपवरचे सगळे फोटो पुन्हा काढले. आता मला माझी लेक हुडकायची नव्हती. पाच दिवसांच्या शंभरेक फोटोंत ती दुसरी मुलगी एकदाच सापडली. पंगतीचा फोटो, उजव्या कडेला, निम्मी कापलेली. एक हात, त्यात वरणाची बादली, आणि निळी बाही कोपरापर्यंत सारलेली.

स्वेटर तोवर मी धुतला होता. वॉशिंग मशीनमध्ये. हातविणीची लोकर आहे हे दिसत असूनही.

संक्रांतीनंतरच्या रविवारी आम्ही दोघी रामटेकला गेलो. नवऱ्याला सांगितलं, स्वेटर द्यायला जातो. तो म्हणाला, कुरिअर कर. तिळगुळाचा डबा, संत्र्यांची पिशवी, आणि लेकीच्या मांडीवर घडी केलेला स्वेटर. मनसरच्या फाट्यापर्यंत ती बोलली नाही. तिथून रामटेककडे वळल्यावर म्हणाली, "मी काय म्हणू?"

"मला नाही माहीत," मी म्हणाले. मला खरंच माहीत नव्हतं. जिन्यातल्या प्रसंगाबद्दल मी आईला काय म्हणाले होते? काहीच नाही. त्याला आता अठ्ठावीस-एकोणतीस वर्षं होतील. आई अजून भंडाऱ्याला असते, आणि फोनवर माझ्याशी जरा जपूनच, जरा पुस्तकीच बोलते.

शेतावर शिबिराचं काही उरलं नव्हतं. तंबूंच्या खुंट्यांची भोकं, शेकोटीचा काळा गोल. एका माणसानं मावशींचं घर दाखवलं, दहा मिनिटांच्या वाटेवर. अंगणात ती मुलगी भांडी घासत होती. निळ्या स्वेटरची चेन गळ्यापर्यंत लावलेली. आम्हाला पाहून तिनं हात धुतले, पण उठली नाही.

माझी लेक पुढे गेली. स्वेटर दोन्ही हातांनी पुढे धरला आणि काहीच म्हणाली नाही. वाटेत ठरवलेलं सगळं तिच्या तोंडातच राहिलं.

मुलीनं स्वेटर घेतला, उलगडला, अंगाला लावून बघितला. तो तिच्या कमरेच्याही वर राहिला.

"धुतला काहून?" ती म्हणाली. "लोकर आकसते ना. आता कोनाले व्हते हा?"

"माह्या आईनं धुतला," माझी लेक म्हणाली.

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. अपराधी सापडल्यावर वातावरण जरा सैलावतं, तसं झालं. मुलीनं स्वेटर वळणीवर टाकला, हातातली राख फ्रॉकला पुसली आणि म्हणाली, "चाल, पिल्लं दाखवतो. शेळीनं दोन देल्ले." आणि दोघी घरामागं गेल्या. मला वाटलं होतं काहीतरी बोलणं होईल, निदान एक चुकलं वगैरे. मुलांचं आपल्या हिशेबानं चालत नाही.

तेवढ्यात मावशी बाहेर आल्या. मी कोण, कशाला आले, ते सांगितलं. माझ्या सवयीच्या मराठीत, स्वच्छ, प्रत्येक शब्दाची इस्त्री केलेल्या. त्यांनी पदर सावरला आणि बाज पुढे ओढली. मी तिळगूळ दिला तर त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, आणि त्या फार जपून, एकेक शब्द पाहून बोलायला लागल्या. "बसा मॅडम. आपण खूप दुरून आला."

तो सूर मी ओळखला. तो मी दर रविवारी फोनवर ऐकते.

घरामागून पोरींचं हसणं आलं. मावशींनी तिकडं पाहिलं, मग माझ्याकडं. डब्यावरचं झाकण उघडून एक वडी तोंडात टाकली, चघळली, आणि बहुधा तिळगुळातल्या जायफळानं की कशानं, जरा आवाज मोकळा करून विचारलं, "तुमी पुन्या-मुंबईकडल्या का वो?"

"नाई," मी म्हणाली. "भंडाऱ्याची हाय मी."

"भंडाऱ्याच्या?" त्या मटकन बाजेवर बसल्या. "मंग इतल्या येळपासून काहून असं बोलून राह्यल्या, माय? मले वाटलं कोन्या हापिसातून आल्या. थांबा, च्या टाकतो."